हिवताप कोणी कोठून आणला?

तापीच्या खोऱ्यातून सुरतेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, खांडबारा आणि नवापूर या स्थानकांच्या दरम्यान आमचे चिंचपाडा वसलेले आहे. दिवाळी उलटली आणि भात घरात आले, की येथील फलाटावर बोचकी, पत्र्याच्या पेट्या, तवे, पराती आणि अर्धवट झोपेतली लहान मुले यांची गर्दी होते. कोणी गुजरातेत ऊसतोडीला निघालेले असते, कोणी सुरतेला, कोणी त्याही पलीकडे मुंबईच्या बाजूला बांधकामावर. पावसाच्या तोंडाशी हीच माणसे परत येतात, आणि काही घरांत त्यांच्या मागोमाग थंडीतापही येतो. दुपारी हुडहुडी भरते, दोन दोन गोधड्या पुरत नाहीत. मग अंग भाजून निघते. शेवटी घाम फुटून ताप उतरतो आणि माणूस उठून बसतो. एक दिवस बरा जातो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच हुडहुडी. हाच हिवताप, मलेरिया.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका घरातील तरुण असाच परत आला. शहरातील एका इमारतीच्या कामावर त्याला पाच महिने झाले होते. ताप आला तेव्हा तेथील मुकादमाने त्याची मजुरी चुकती केली आणि "हा तुमच्याकडचाच ताप, तिकडेच जाऊन बरा हो," असे म्हणून त्याला गाडीत बसविले. औषधोपचाराने मुलगा बरा झाला. परंतु मुकादमाचे ते वाक्य त्याच्या आईच्या मनातून गेले नाही. एके दिवशी मिस्सानंतर तिने आम्हाला विचारले, "फादर, ताप खरंच आमचाच होता का?"

त्या वेळी आम्ही तिचे सांत्वन केले, पण तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. कारण ते आम्हाला ठाऊक नव्हते. खेड्यात म्हणतात, शहराचे पाणी बाधले. शहरात म्हणतात, गावाकडच्या मजुरांनी ताप आणला. यांतील खरे काय? या प्रश्नाच्या मागे गेलो असता एक दीर्घ इतिहास हाती लागला, आणि त्यातील काही महत्त्वाची पाने चक्क आपल्या महाराष्ट्रात व गोव्यात लिहिली गेली आहेत असे दिसून आले. तो इतिहास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रोगाआधी औषध

हिवतापाच्या बाबतीत औषध आधी सापडले आणि रोगाचे कारण फार मागाहून कळले. 'मलेरिया' हा शब्दच मुळी इटालियन असून त्याचा अर्थ 'वाईट हवा' असा होतो. रोमभोवतीच्या दलदलीतून उठणाऱ्या दूषित वाफांमुळे हा ताप येतो, अशी शतकानुशतके समजूत होती. ख्रिस्तसभेलाही या तापाचा फटका चांगलाच बसला होता. १६२३ च्या उन्हाळ्यात नव्या परमगुरूंच्या निवडीसाठी रोममध्ये जमलेल्या कार्डिनलांपैकी अनेकांना हिवतापाने गाठले आणि काहींना त्यात प्राण गमवावे लागले.

त्याच शतकात दक्षिण अमेरिकेतील पेरू देशातून येशूसंघीय धर्मगुरूंनी एका झाडाची कडू साल युरोपात आणविली. कार्डिनल हुआन दे लुगो यांनी रोममध्ये गोरगरिबांना ती वाटण्याची व्यवस्था केली. लोक तिला 'येशूसंघीयांची साल' म्हणू लागले, आणि केवळ या नावामुळे प्रोटेस्टंट देशांतील काही मंडळी ती घ्यायला बिचकत असत. हीच सिंकोनाची साल. १८२० साली पेलेतिए आणि कावाँतू या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी तिच्यातून क्विनीन वेगळे काढले. पुढे इंग्रजी अमदानीत नीलगिरीवर सिंकोनाच्या बागा लागल्या आणि क्विनीनच्या पुड्या टपालकचेरीतूनही विकल्या जाऊ लागल्या. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी असलेले 'कोयनेल' ते हेच. एखादी गोष्ट कोणाला अगदी कडू लागली तर ती कोयनेलसारखी लागली असे म्हणण्याची पद्धत होती, यावरून हे औषध घराघरांत किती पोचले होते हे कळते.

औषध होते, परंतु ताप मात्र दरसाल येतच होता. कारण तो येतो कोठून, हेच कोणाला माहीत नव्हते.

एका आण्याला एक डास

१८८० साली अल्जीरियात काम करणाऱ्या लावेराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरांना रुग्णाच्या रक्तात हिवतापाचा परजीवी जंतू प्रथम दिसला. तो एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात कसा जातो, हे कोडे मात्र सुटत नव्हते. लंडनमधील डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन यांचा डासांवर संशय होता. त्यांनी हिंदुस्थानातील लष्करी सेवेत असलेल्या रोनाल्ड रॉस यांना या शोधाच्या मार्गी लावले आणि पत्रांद्वारे त्यांना धीर देत राहिले.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचा जंतू वाढताना दिसला. हा प्रसंग शाळेच्या पुस्तकांतून आपण वाचलेला असतो. परंतु ज्याच्या रक्तावर ते डास पोसले होते, त्या हुसेन खान नावाच्या रुग्णाची आठवण फार थोड्यांना असते. स्वतःला चावून घेतलेल्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळत असे. पुढच्या वर्षी कलकत्त्याला रॉस यांनी पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग करून जंतूचा संपूर्ण प्रवास उलगडला. तेथे किशोरी मोहन बंद्योपाध्याय या तरुण बंगाली साहाय्यकाने त्यांना मोलाची मदत केली. त्याच सुमारास इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचा हिवताप 'अॅनॉफिलीस' जातीच्या डासाची मादीच पसरविते, हे सिद्ध केले. १९०२ साली रॉस यांना आणि १९०७ साली लावेराँ यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या हकीगतीत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अल्जीरियातील डॉक्टर, लंडनचे गुरू, सिकंदराबादचा रुग्ण, कलकत्त्याचा साहाय्यक आणि इटलीतील प्राध्यापक या सर्वांचे हात लागल्यावाचून हे सत्य हाती आले नाही. त्यांच्यात पुढे श्रेयावरून कडवट भांडणे झाली, हेही खरे. पण काम मात्र सर्वांचे मिळून झाले.

अचलपूरचा डास

आता आपण विदर्भात येऊ. वऱ्हाडातील अचलपूर हे त्या काळी एलिचपूर या नावाने ओळखले जाई. तेथे ग्लेन लिस्टन हे डॉक्टर लष्करी सेवेत असताना त्यांनी वर्षभर डासांच्या सवयींचे निरीक्षण केले आणि १९०१ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी एका नव्या जातीच्या डासाचे वर्णन करून हिवतापाचे अभ्यासक स्टीफेन्स यांच्या नावावरून तिला 'अॅनॉफिलीस स्टीफेन्सी' असे नाव दिले. अमरावती जिल्ह्यातील एका गावी जगाला ओळख झालेला हा डास म्हणजेच हिंदुस्थानातील शहरांच्या हिवतापाचा मुख्य वाहक होय.

खेड्यात हिवताप पसरविणारे डास वेगळ्या जातींचे आहेत. ते ओढ्यांच्या कडेला, शेतातील साचलेल्या पाण्यात, नदीच्या डबक्यांत वाढतात. स्टीफेन्सीची आवड मात्र निराळी आहे. त्याला स्वच्छ, स्थिर आणि माणसाने साठविलेले पाणी हवे असते: विहीर, हौद, गच्चीवरील टाकी, कारंजे, पिंप. गटारातील घाण पाण्यात जे डास भरमसाट वाढतात ते बहुधा दुसऱ्या जातींचे असतात. म्हणजे शहरातील हिवतापाचे मूळ घाणीत नसून, ज्या पाण्याची आपण काळजीने साठवण करतो त्याच पाण्यात असते. ही गोष्ट प्रथमदर्शनी पटत नाही, आणि म्हणूनच ती लोकांना पटवून देण्यास मुंबईत इतके सायास पडले.

मुंबईच्या विहिरी

मुंबईत परळ येथे प्लेगच्या संशोधनासाठी एक प्रयोगशाळा होती. ज्या वास्तूत ती थाटली होती ती पूर्वी येशूसंघीयांची होती आणि पुढे गव्हर्नरांचे निवासस्थान झाली होती. या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन यांचे नाव देण्यात आले. लिस्टन पुढे याच प्रयोगशाळेत काम करू लागले. मुंबई शहरातील हिवतापाचा वाहक आपण अचलपूरला पाहिलेलाच डास आहे, हे त्यांच्या तपासातून पुढे आले.

त्यानंतर चार्ल्स बेंटली या डॉक्टरांकडे मुंबईच्या हिवतापाची सविस्तर चौकशी सोपविण्यात आली. त्यांचा अहवाल १९११ साली प्रसिद्ध झाला. अशा पाहणीची त्या काळची रीत साधी होती. वारंवार हिवताप येणाऱ्या मुलाची पांथरी वाढते. तेव्हा वस्तीवस्तीतील मुलांची पोटे तपासायची, पांथरी वाढलेली मुले कोठे अधिक सापडतात ते नकाशावर मांडायचे आणि त्या ठिकाणी पाण्याचा शोध घ्यायचा. बेंटली यांचा शोध घरोघरच्या विहिरींपाशी येऊन थांबला. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले होते, तरी जुन्या विहिरी तशाच उघड्या राहिल्या होत्या आणि त्यांत डासांच्या अळ्या वाढत होत्या. बेंटली यांनी विहिरी बुजवाव्यात किंवा बंदिस्त झाकाव्यात अशी शिफारस केली.

आणि येथे शास्त्राची गाठ श्रद्धेशी पडली. पारशी समाजात पाणी हे पवित्र तत्त्व मानले जाते. विहिरीकाठी प्रार्थना होते, दिवा लावला जातो. चर्चगेटजवळची १७२५ साली खोदलेली भिखा बेहराम विहीर आजही या श्रद्धेची साक्ष देत उभी आहे. सूर्यप्रकाश ज्या पाण्यावर पडत नाही ते पाणी धर्मकार्याला कसे चालेल, असा त्यांचा प्रश्न होता. हिंदू कुटुंबांच्याही विहिरींविषयी तशाच भावना होत्या. आपल्या ख्रिस्ती वाचकांना यात परके वाटण्यासारखे काही नाही. मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजात लग्नाच्या वेळी विहिरीचे पाणी वाजतगाजत आणण्याची 'उंबराच्या पाण्याची' रीत आहेच. विहीर म्हणजे नुसता खड्डा नव्हे. ती कुटुंबाच्या स्मृतीचा भाग असते.

या वादातून एक सुंदर ग्रंथ जन्मास आला. मुंबई महापालिकेच्या सेवेतील रुस्तम मसानी यांनी विहिरींविषयीच्या लोकसमजुती गोळा केल्या आणि १९१८ साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. वादातून वाटही निघाली. जेथे श्रद्धेचा प्रश्न होता तेथे विहीर बुजविण्याऐवजी तिच्यावर झाकण घालून त्यात बारीक तारेच्या जाळीचे दार बसवावे, म्हणजे उजेड आत जाईल आणि डास जाणार नाही, अशी तडजोड पुढे आली. डॉक्टरला डास दिसत होता, भाविकाला पाण्याचे पावित्र्य दिसत होते. दोघांचेही ऐकून घेणारा माणूस मध्ये उभा राहिला तेव्हाच काम पुढे सरकले. आमच्या मते या साऱ्या इतिहासातील हा सर्वांत मोलाचा धडा होय.

कायदा आणि तपासनीस मात्र लोकांच्या शेजारी सतत उभे राहावे लागतात. काम ढिले पडले की ताप परत येई. म्हणून कसौली येथील केंद्रीय हिवताप संस्थेचे गॉर्डन कोव्हेल यांनी पुन्हा एकदा मुंबईची पाहणी केली व १९२८ साली आपला अहवाल दिला. गच्चीवरील पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण असावे आणि तपासनिसाला वर चढता यावे म्हणून शिडी असावी, हा जो नियम आजही मुंबईतील घरमालकांना पाळावा लागतो, त्याच्या पाठीशी हा असा अनुभव उभा आहे.

विजयाचा भ्रम

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी हे नवे औषध हाती आले. तेव्हाच्या मुंबई इलाख्यात डॉ. विश्वनाथन यांनी १९४६ पासून कानडा आणि धारवाड जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचे मोठे काम उभे केले, आणि त्याच्या यशावरून सबंध देशाला दिशा मिळाली. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्या वेळी देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे त्यात दगावत, असा अंदाज होता. फवारणीचा परिणाम इतका विलक्षण झाला, की १९५८ साली 'नियंत्रण' हा शब्द काढून त्या जागी 'निर्मूलन' हा शब्द घालण्यात आला. १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या एक लाखाच्या आसपास उतरली.

परंतु हा विजय टिकला नाही. डास डीडीटीला सरावले, जंतू औषधाला सरावले आणि माणसे यशाला सरावली. मोहीम मुख्यतः खेड्यांतील भिंतींवर चालली होती. शहरांतील टाक्या व हौद यांचा भार नगरपालिकांवर सोडून दिलेला होता, आणि त्यांपैकी अनेकींजवळ माणूसबळ नव्हते की पैसा. शहरे आतल्या आत धुमसत राहिली. म्हणून १९७१ साली शहरांसाठी निराळी नागरी हिवताप योजना आखण्यात आली. तिच्यात घरांच्या भिंतींपेक्षा पाण्यातील अळ्यांकडे लक्ष दिले गेले. अंड्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक साठ्याची तपासणी, अळीनाशक तेल किंवा औषध, गप्पी मासे आणि 'कोरडा दिवस' ही साधने वापरावयाची होती. तोवर उशीर झालाच होता. १९७६ साली देशात सुमारे ६५ लाख रुग्णांची नोंद झाली.

इमारतींच्या छायेत

मुंबईत १९९० नंतर बांधकामाला जोर आला. प्रत्येक नव्या इमारतीच्या पायथ्याशी पाण्याचे हौद, स्लॅबवर सिमेंट भिजविण्यासाठी साठविलेले पाणी, तळघरात साचलेले पाणी. आणि त्याच अर्धवट इमारतीत, दारे-खिडक्या नसलेल्या खोल्यांत झोपणारी मजुरांची कुटुंबे. डासाला वाढायला पाणी आणि चावायला माणूस एकाच ठिकाणी मिळाले. २०१० साली मुंबईत हिवतापाचे सुमारे ७६ हजार रुग्ण झाले आणि १४५ माणसे मृत्युमुखी पडली. त्या धक्क्यानंतर टाक्यांची तपासणी, बांधकामांना नोटिसा आणि मजुरांची रक्ततपासणी कसून सुरू झाली आणि पुढील वर्षांत ताप झपाट्याने ओसरला. अशा पाण्याची जबाबदारी जागेच्या मालकावर टाकण्याचा अधिकार महापालिकेच्या हाती होताच. तो वापरण्याची इच्छा मात्र मृत्यूंनंतर जागी झाली.

याच प्रश्नाला गोव्याने काहीसे निराळ्या रीतीने तोंड दिले. १९८६ च्या सुमारास पणजीत हिवतापाची साथ उद्भवली. येथेही वाहक तोच, अचलपूरचा स्टीफेन्सी. येथेही बांधकामे आणि बाहेरून आलेले मजूर. दिल्लीतील हिवताप संशोधन केंद्राने पणजीत आपले ठाणे उघडले आणि राज्याच्या आरोग्य खात्याबरोबर काम सुरू केले. पणजी आणि कांदोळी येथे अळ्यांना मारणारे, परंतु माणसाला व माशाला अपाय न करणारे जीवाणू पाण्यात सोडून पाहिले. विहिरींत व टाक्यांत अळ्या खाणारे स्थानिक मासे सोडले. सरकारने कायद्याने कंत्राटदारांवर मजुरांच्या आरोग्यपत्रिकेची आणि रक्ततपासणीची जबाबदारी टाकली. पुढे २०१० नंतर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सहकार्याने हिवतापाच्या जंतूंचा अभ्यास सुरू झाला. गोव्यासारख्या लहान राज्यात देशाच्या नाना भागांतून मजूर येतात. त्यामुळे एका रुग्णालयात बसून सबंध देशातील जंतूंची ओळख करून घेता येते, हा त्यामागील विचार.

येथे एका गोष्टीचे आम्हाला विशेष वाटते. रक्ततपासणीची पत्रिका ही दुधारी वस्तू आहे. ती मजुराला औषध मिळवून देऊ शकते, तशीच त्याला कामावरून काढण्याचे निमित्तही होऊ शकते. कोणत्या धारेने ती वापरली जाते, हे शास्त्र ठरवीत नाही. ते माणसाचे अंतःकरण ठरविते.

डासाचा प्रवास

अलीकडे या कथेला एक अनपेक्षित वळण लागले आहे. २०१२ साली आफ्रिकेतील जिबुती या बंदरात स्टीफेन्सी डास आढळला, आणि तेथे वर्षानुवर्षे अत्यल्प असलेला हिवताप वाढू लागला. २०१६ साली तो इथिओपियात सापडला; नंतर सुदान, सोमालिया, नायजेरिया, केनिया या देशांतही. आफ्रिकेत हिवताप मुख्यतः खेड्यांचा रोग समजला जाई. आता तेथील शहरेही सुरक्षित राहिलेली नाहीत. हा डास पसरल्यास तेथील शहरांतील १२ कोटी ६० लाखांहून अधिक लोक धोक्याच्या छायेत येतील, असा अंदाज २०२० साली एका अभ्यासात मांडला गेला. आता तेथील शास्त्रज्ञांना मुंबई आणि गोवा येथील अनुभवाचा उपयोग होऊ शकेल. दुसरीकडे, ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी हिवतापाची लस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्य केली. ती आफ्रिकेतील बालकांना देण्यात येत आहे. महाराष्ट्रातील एका गावी प्रथम ओळखला गेलेला डास जगभर जातो आणि महाराष्ट्रातीलच एका शहरातून त्याच्याविरुद्धची ढालही जाते, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

त्या माउलीला उत्तर

आता आपण पुन्हा चिंचपाड्याच्या फलाटावर येऊ. "ताप आमचाच होता का?" या प्रश्नाचे उत्तर आज आम्ही असे देऊ.

माई, डासाने चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण दहा दिवस ते महिनाभर जातो. तुझा मुलगा पाच महिने शहरात होता. तेव्हा तो ताप बहुधा तेथेच, त्या इमारतीच्या हौदातल्या डासाने दिला. हिवतापाचा एक प्रकार असा आहे खरा, की ज्याचा जंतू यकृतात लपून बसतो आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतो. म्हणून खात्रीने सांगता येत नाही. परंतु खात्रीने सांगता येण्यासारखी एक गोष्ट आहे. डास फार दूर उडत नाही. तो जेथे वाढतो त्या वस्तीतच राहतो. जंतू प्रवास करतो तो माणसाच्या रक्तातून. नुसत्या माणसाने साथ होत नाही आणि नुसत्या पाण्यानेही नाही. तुझ्या मुलाच्या रक्तात जंतू असता आणि मालकाच्या हौदाला झाकण असते, तर एकही शेजारी आजारी पडला नसता. शहराला त्याचे दोन हात हवे होते. ते हात ज्या शरीराला जोडलेले आहेत त्याला निजायला मच्छरदाणी आणि प्यायला झाकलेले पाणी देणे हे शहराचे कर्तव्य होते. १९११ पासून शहराला हे ठाऊक आहे.

शहराचे कर्तव्य सांगितल्यावर आपलेही सांगितले पाहिजे. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला थंडीताप आला, तर घरात पडून न राहता रक्ताची काचपट्टी तपासून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती विनामूल्य होते, आणि आपल्या चिंचपाड्यात ख्रिस्ती रुग्णालयही आहे. यकृतात लपणाऱ्या जंतूसाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घ्याव्या लागतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरला की उरलेल्या गोळ्या फळीवर राहतात. पुढचा ताप त्या फळीवरूनच येतो. गर्भवती स्त्रिया आणि तान्ही बाळे यांना मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून या गोळ्या देऊ नयेत. कामाला निघताना बोचक्यात मच्छरदाणी असावी. आणि आपल्या अंगणातील पिंप, टाकी, हौद आठवड्यातून एकदा रिकामे करून घासावेत. शहरांपुरता समजला जाणारा डास टाक्या आल्या की गावातही येतो. आता आपल्या गावांतही गच्च्या आणि टाक्या झाल्या आहेत.

आपल्या देशाने २०३० पर्यंत हिवतापाचे उच्चाटन करण्याचा संकल्प केला आहे. 'निर्मूलन' हा शब्द एकदा घाईने उच्चारून आपण फसलो आहोत, याची आठवण ठेवलेली बरी. आजवर जेथे जेथे ताप हटला तेथे डॉक्टर, अभियंता, अधिकारी, घरमालक आणि ज्याला डास चावतो तो माणूस यांनी एकमेकांचे ऐकले होते. जेथे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखविले, तेथे ताप परत आला.

या वर्षीही दिवाळीनंतर गाडी येईल आणि आमची माणसे जातील. ती परत येतील तेव्हा कोणी त्यांना "ताप आणलात का?" असे विचारू नये. "अंगात ताप आहे का? चला, आधी रक्त तपासून घेऊ," एवढेच म्हणावे.